अडकलेलं चाक आणि आक्काची झोप

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत आक्काने एकतीस वर्षं काढली. पहिली काही ओल्या चादरींचे ढीग उचलण्यात, मधली इस्त्रीच्या रोलरवर, आणि आता ती तिथे काम करणाऱ्या सगळ्या बायकांवरची मुकादम होती. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सकाळी सहापासून सगळं खाली यायला लागायचं आणि दुपारी तीनपर्यंत धुऊन, वाळून, घड्या होऊन वर जायचं. घरात ती थोरली म्हणून भावंडं तिला आक्का म्हणायची. पुढे नर्सा म्हणायला लागल्या, मग डॉक्टरही. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

तीन वाजल्यानंतरची पाळी घरची. वडील पंच्याऐंशीचे, चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. रात्री दोन-तीनदा तरी हाक मारायचे. कधी पाणी हवं असायचं, कधी नुसतीच हाक. आक्काचं लग्न जमता जमता राहिलं. आई गेली, मग धाकट्या भावाचं शिक्षण आलं, मग मधल्या बहिणीचं लग्न, आणि मग कुणी विचारेनासं झालं. त्यावर ती कुढत बसली नाही. कुढायचं तर आधी बसायला हवं, तेवढी सवड तिला नव्हती.

अशात परगावी राहणाऱ्या धाकट्याचा फोन आला. त्याची बायको जिन्यावरून पडली होती, उजवं मनगट मोडलं होतं.

"आक्का, दहा दिवस ये. मला काही सुचत नाहीये. विमानाचं तिकीट काढलंय, तुला नुसतं बसायचंय."

नाही म्हणायची सवय नव्हती. मधलीचा नवरा फिरतीवर होता, तिला वडिलांपाशी राहायला बोलावलं. तीन दिवस आक्का घर आणि लाँड्री दोन्ही आवरत होती. गोळ्यांचे डबे भरले, कपाटावर नऊ चिठ्ठ्या चिकटवल्या, लाँड्रीत कुणी कुठलं मशीन बघायचं ते ठरवून दिलं. निघायच्या सकाळी ती विमानतळावर पोहोचली तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि कंबर बोलत होती.

तिची जागा दोघांच्या मध्ये. खिडकीशी एक निवृत्त गणिताचे मास्तर, मुलीकडे निघालेले. दुसऱ्या बाजूला फरशीचा एक जाडजूड व्यापारी, ज्याचं कोपर आक्काच्या वाट्याला आलं होतं.

विमानाने जमीन सोडली आणि जरा वेळात पायाखाली कुठेतरी धाडकन आवाज झाला. मग घरघर, मग पुन्हा धाडकन. त्यानंतर एक बारीक थरथर सुरू झाली ती थांबेना. ड्रममध्ये ओल्या चादरी एका बाजूला गोळा झाल्या की मशीन असंच थडथडतं.

"काहीतरी नीट बसलं नाहीये," आक्का म्हणाली.

"असं होतं कधीकधी," मास्तर म्हणाले. पण त्यांनी हातातलं वर्तमानपत्र मिटलं.

थोड्या वेळाने पायलटचा आवाज आला. शांत, पण एकेक शब्द तोलून टाकलेला. पुढचं चाक आत गेलेलं नाही, आणि बाहेर तरी ते पक्कं बसलंय की नाही, हे समोरच्या दिव्यावरून कळत नाही. म्हणून आपण परत फिरतोय. मात्र टाकीत इंधन भरपूर आहे. इतकं वजन घेऊन उतरणं बरं नाही. ते कमी होईपर्यंत दोन-अडीच तास घिरट्या घालाव्या लागतील.

कुणी ओरडलं नाही. मागे एक बाई हुंदका दाबत होती. व्यापाऱ्याने बूट काढले, थोडा वेळ मांडीवर धरले आणि पुन्हा घातले.

"अशा वेळी बहुतेकदा दिवाच बिघडलेला असतो," मास्तर म्हणाले. "चाक ठीक असतं."

"बहुतेकदा म्हणजे किती वेळा?"

"ते मला माहीत नाही हो. मी शाळेत शिकवायचो."

तेवढ्यात आक्काला आठवलं, वडिलांची दुपारच्या जेवणानंतरची अर्धी पांढरी गोळी. नऊ चिठ्ठ्यांत ती कुठेच नव्हती. तिने वरचं बटण दाबलं. हवाईसुंदरी आली, तिच्या ओठांवर हसू होतं पण हात सीटच्या कडेला घट्ट धरलेला.

"मला घरी एक निरोप द्यायचा होता. औषधाचा."

"आत्ता नाही देता येणार. उतरल्यावर लगेच करा."

"बरं," आक्का म्हणाली.

ती तशीच बसून राहिली. मधली काय करेल? डबा उघडेल, गोळी दिसेल, डॉक्टरांना विचारेल. नाहीच दिसली तर एक दिवस गोळी चुकेल. आणि विमानाचं काही बरंवाईट झालं तर ती गोळी उद्याही मधलीच देईल, परवाही तीच. देईलच ना. तिलाही दोन हात आहेत. हे इतकं साधं होतं, आणि चार वर्षांत ते एकदाही आक्काच्या मनात आलं नव्हतं.

खाली नदीचं वळण पुन्हा दिसलं. विमान त्याच वाटेने दुसऱ्यांदा फिरत होतं. फोन बंद. हाक मारणारं कुणी नाही. उठून करण्यासारखं काही नाही, उलट उठूच नका म्हणून सांगितलेलं. मरणाची भीती होती, नव्हती असं नाही. पण झोप तिच्याही आधी रांगेत उभी होती. आक्काची मान कलली आणि ती गाढ झोपली.

मास्तरांनी खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा सव्वा तास उलटला होता.

"माफ करा. उतरायची तयारी करा म्हणालेत. तुम्ही झोपला होतात तेव्हा दोनदा अगदी खालून गेलो. जमिनीवरून दुर्बिणीने बघितलं म्हणे."

"काय दिसलं?"

"चाक सरळ आहे. पण पक्कं बसलंय का, ते टेकल्यावरच कळणार." त्यांनी चष्मा पुसला. तो आधीच लख्ख होता. "तुम्हाला झोप लागली तरी कशी?"

"घाबरायचंच होतं मला," आक्का म्हणाली. "पण उभी असते तर घाबरले असते, बसल्यावर झोपच येते."

मास्तर हसले. "ताई, तुमचा हात धरला तर चालेल का?"

तिने हात दिला. वाफेने भाजून भाजून राठ झालेला हात. मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरला. पुढे सूचना आली, चष्मे काढा, पायांतलं काढा, डोकं गुडघ्यांवर टेकवा. जाडजूड व्यापाऱ्याला वाकता येईना, तेव्हा आक्कानेच त्याला पुढच्या सीटवर हात टेकून कपाळ कसं लावायचं ते दाखवलं.

हवाईसुंदऱ्या एका सुरात म्हणत होत्या, "डोकं खाली, डोकं खाली." मागची चाकं टेकली. नाक मात्र वरच. विमान धावत राहिलं, वेग उतरत गेला, आणि मग पुढचा भाग हळूच खाली आला. एक दणका बसला. विमान थरथरलं, पण सरळ धावत राहिलं. मग थांबलं.

मग टाळ्या वाजल्या, रडणंही ऐकू आलं. खिडकीबाहेर आगीचे बंब उभे होते, त्यांना काही कामच उरलं नव्हतं. चाक ठीक बसलं होतं. ते आत ओढणारी कळ आणि तो दिवा, दोन्ही बिघडले होते, असं नंतर सांगण्यात आलं.

विमानतळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. चार तासांनी दुसरं विमान मिळणार होतं. मास्तर मुलीशी फोनवर बोलत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते. आक्काने फोन चालू केला तर चौदा हुकलेले कॉल. ती लावणार तोच धाकट्याचाच आला.

"आक्का, ठीक आहेस ना? किती घाबरलो मी. मग संध्याकाळी पोहोचशील ना? इकडे घर नुसतं पसरलंय."

"नाही."

"म्हणजे उद्या?"

"गुरुवारी येईन."

"आज सोमवार आहे, आक्का. विमानाची भीती बसली का?"

"नाही रे. दमलेय मी."

हे वाक्य त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. "बरं," तो म्हणाला. "गुरुवारी ये."

मग मधलीला फोन. ती आधी रडली. आक्काने तिला रडू दिलं आणि मग अर्ध्या गोळीचं सांगितलं.

"दिली मी. डबा उघडल्यावर दिसली. तू घरी येतेयस ना आता?"

"घरी आले की मी कामालाच लागणार. तुझं घर रिकामं आहे ना? किल्ली कुठेय?"

"शेजारच्या काकूंकडे," मधली म्हणाली. मग हळूच, "झोप तिथे. मी कुणाला सांगत नाही."

मधलीच्या घरी आक्का दोन दिवस झोपली. मध्ये उठायची, चहा करायची, खिडकीशी उभी राहून समोरच्या गच्चीवर वाळणारे कपडे बघायची आणि पुन्हा आडवी व्हायची. पहिल्या दिवशी हाक आल्याचा भास होऊन तीनदा उठून बसली. दुसऱ्या दिवशी एकदाच. वडिलांनी दोन वेळा तिची चौकशी केली, मधलीने "भावाकडे गेलीय" म्हणून सांगितलं. ते "बरं केलं" म्हणाले आणि मधलीच्या हातचं जेवले.

गुरुवारी ती गेली, विमानानेच. धाकट्याने दार उघडलं. घर खरंच पसरलेलं होतं, पातेल्याच्या बुडाशी भाजी करपली होती, पण भांडी घासून पालथी घातलेली होती. वाकडीतिकडी, तरी घातलेली. प्लास्टर घातलेला हात सावरत भावजय बाहेर आली.

"आक्का, आधी बसा," ती म्हणाली.

आक्काने सवयीने पदर खोचला होता. तो तिने सोडला आणि बसली. धाकट्याने चहा आणला, साखर फार झालेली. ती बसूनच सगळा प्यायली.