डोक्यावरचं कांडप

रत्नागिरीत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा गावात अशा बिल्डिंगा बोटावर मोजण्याइतक्या होत्या. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, आणि बाराच्या बारा खेड्यातल्या घरातून उठून आलेली. आपल्या डोक्यावर दुसरं कोणी राहतं, याची सवय एकालाही नव्हती. मी कचेरीत कारकून, आणि स्वभावाने तापट. तापट माणसाने फ्लॅटच्या भानगडीत पडू नये, पण हे मला कळलं ते सामान वर चढवून झाल्यावर.

वडील गेल्यानंतर आई पावसजवळच्या आमच्या गावी एकटीच राहत होती. आजूबाजूच्या घरांना कुलपं; माणसं मुंबईला. एका सकाळी विहिरीच्या पायऱ्यांवर तिला घेरी आली आणि ती तिथेच पडून राहिली. दुपार कलल्यावर लाकडं गोळा करायला आलेल्या एका बाईला ती दिसली. तोवर तिची आठवण कोणाला झाली नव्हती. मलाही नाही, खोटं कशाला बोलू! त्याच आठवड्यात मी तिला फ्लॅटवर आणली. ती आली, पण मनातून आली नाही. ‘पाऊस सरला की मी आपली जाईन’ हे तिचं रोजचं पालुपद. पुन्हा त्या घरात तिला एकटी सोडायची माझी तयारी नव्हती.

येताना तिने घरचा लोखंडी खलबत्ता आणला होता. दोन हातांनीच उचलायचा. बायकोने मिक्सर दाखवला, तर म्हणाली, त्यातल्या चटणीला तापलेल्या तारेचा वास येतो. झालं! रोज पहाटे पाचला ती स्वयंपाकघरात फतकल मारून बसायची आणि कांडायला लागायची. आलं-लसूण, मिरच्या, सुपारी. काहीच नसलं तर कालच्या भाकरीचा चुरा. माझ्या मते कांडायला काय आहे याला महत्त्वच नव्हतं. चाळीस वर्षं ती त्या वेळेला काही ना काही कांडत आली होती, एवढंच.

आमच्या खाली पहिल्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहायचे. पत्नी नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली. तेही एकटेच. आई आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांची पहिली चिठ्ठी आली. ‘पहाटे पाच वाजून पाच मिनिटे ते पाच पस्तीस, मोठा आवाज. कृपया दखल घ्यावी.’ अक्षर असं की दाराला लावून ठेवावं! पुढे दर दोन-चार दिवसांनी चिठ्ठी. कधी जिन्यात गाठून विचारायचे, सांगितलंत का घरात? मी म्हणायचो, सांगतो, सांगतो. आणि सांगत मात्र नव्हतो. आईला एवढं निमित्त पुरलं असतं. ‘बघ, माझी अडचण होते’ म्हणून त्याच दिवशी बोचकं बांधलं असतं. मी गपचूप खलबत्त्याखाली गोणपाट घातलं, तर तिने ते घसरतं म्हणून काढून टाकलं. तेव्हा मी गुरुजींना टाळायला लागलो. उंदरासारखा भिंतीला लागून जिना उतरायचो.

श्रावणात सोसायटीची सत्यनारायणाची पूजा गच्चीवर झाली. सगळी खेड्यातली माणसं, तेव्हा आरतीनंतर गाऱ्हाणं हवंच. वयाने मोठे आणि आवाजाने खणखणीत म्हणून गुरुजींना उभं केलं. देवापुढे नारळ धरून ते मागायला लागले. नळाचं पाणी तिसऱ्या माळ्यावर चढू दे, मुंबईला गेलेली मुलंबाळं सुखी ठेव. प्रत्येक मागणीला आम्ही सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणत होतो. मग जरा थांबून गुरुजी म्हणाले,

“आणि जो कोणी पहाटे पाचला आमच्या डोक्यावर कांडप घालतो, त्याला सुबुद्धी दे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा. अगदी मनापासून, हात जोडून. बायकोने पदर तोंडात कोंबला. अख्खी बिल्डिंग आमच्याकडे बघत होती आणि मला गच्चीवरून उडी मारावीशी वाटली.

प्रसाद घेऊन जिना उतरताना आई हळहळत होती. एवढा शिकला-सवरलेला माणूस, त्याची झोपमोड करणारा हा कोण मेला? एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा माझा तोल गेला.

“तूच ती! तीन महिने तूच!”

ती माझ्या पुढे होऊन जिना उतरली. घरी जाऊन प्रसादाची वाटी झाकून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला माझीच लाज वाटली. तीन महिने मूग गिळून बसलो, आणि बोललो ते असं, जिन्यात!

दुसऱ्या दिवशी पाचला मला आपोआप जाग आली. घरात चिडीचूप. आई खलबत्त्यापुढे नुसती बसली होती आणि शेजारी बोचकं बांधलेलं. सकाळी आठला म्हणाली, गुरुजींकडे ने. मला वाटलं, निरोप घ्यायला निघाली.

गुरुजी तिला बघून ओशाळले, बसा वहिनी म्हणाले. ती त्यांच्या खाटेवर बसली आणि मला वर जाऊन कांडायला सांगितलं. किती मोठं ऐकू येतं, ते तिला स्वतःला ऐकायचं होतं. मी मुकाट्याने वर गेलो आणि रिकामा खल दणादणा कुटला. सगळा राग त्या बत्त्यावर काढला. राग कोणावर, विचाराल तर माझ्यावरच.

खाली आलो तेव्हा ती छताकडे बघत होती.

“येवढा येतो?” ती म्हणाली. मग गुरुजींना विचारलं, “रोज कळतं तुमाला, मी कवा सुरू केलं नि कवा थांबले?”

गुरुजी खाली मान घालून म्हणाले, मिनिटासकट कळतं.

“उटता कवा तुमी?”

“सहाला.”

“मंग मी सहाला सुरू करीन,” ती म्हणाली. “पन येखाद्या दिवशी आवाज नाय आला, तर वर येवन बगायचं. ह्याच्या भरवशावर ऱ्हायाचं नाय.”

‘ह्याच्या’ म्हणजे माझ्या. गुरुजी म्हणाले, “येईन.” ती वर आली, बोचकं सोडलं आणि लुगडी परत फळीवर लावायला लागली.