चिंचेनं घासलेला चेहरा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. फोटोत भूत दिसलं म्हणून कुणी आलं, की मी त्याला लेन्स पुसायचं फडकं देतो. अकोल्यात वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय... पण हे माझ्याच हातून झालं.

अमरावतीचे आमचे जुने शास्त्राचे सर तरुणपणी नायजेरियात शिकवायला होते. तिथल्या मित्रानं वाईट दिवसांत आपल्या पूर्वजाचं ब्राँझचं डोकं त्यांच्याकडे सांभाळायला दिलं. मित्र वारला. गेल्या वर्षी त्याची मुलगी सापडली. म्हणाली, समोरून नीट फोटो पाठवा, आमचे म्हातारे चेहरा ओळखतील, मग मी न्यायला येते. सर ऐंशीच्या पुढचे, आजारी. "मी मराच्या आंधी हे आपल्या घरी गेलं पायजे," एवढंच धरून बसले होते.

फोटोसाठी त्यांनी मला बोलावलं. मी दुपारी गेलो. शेजारी मोजपट्टी ठेवून मागून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले. समोरचा राहिला. डोकं काळंकुट्ट! मला सवय रुखवताच्या भांड्यांची — लखलखलं पाहिजे. सर आत झोपलेले. मी सरांच्या बायकोला म्हटलं, "काकू, चेहऱ्याले जराशी चिंच लावा न." काकूंनी चिंच-मिठानं लख्ख घासून दिला.

त्यानंतर समोरून एकही फोटो आला नाही. मोजपट्टीचे आकडे स्पष्ट, कान स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळट धूर. वाटलं, चमकतंय. पावडर लावली, अंगणात नेलं, दुसरा कॅमेरा घेतला, काकूंचा मोबाईल... तेच. डोळ्यांनी बघावं तर नाक, ओठ सगळं जागच्या जागी! व्हिडिओ कॉल लावला, तर ती मुलगी विचारत राहिली, चेहरा का झाकलाय?

सर उठून आले. "काय करून राहिला रे इतका येळ?" सांगावंच लागलं. ते चिडले नाहीत. हातानं चाचपत म्हणाले, "अरे, तो मळ नव्हता. त्यायच्या किती पिढ्यायचे हात होते त्याच्यावर." काकू रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर चारदा जाऊन आलो. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं, त्यानं हात टेकले. कशानं होतं, मला आजही माहीत नाही. तिकडच्या म्हाताऱ्यांना आता आपण फसवतोय असं वाटतं.

परवा सर पलंगावरूनच म्हणाले, "एक काढ बरं अजून." काढला. धूरच. त्यांना हल्ली फार दिसत नाही.

"आला का रे चेहरा?"

"आला, सर."

"मंग धाड तिले. आत्ताच धाड."

मी मोबाईल हातात धरून नुसता बसून राहिलो.