सोमवार सोडून

माझ्या दाढीला साबण लागला, तेवढ्यात सलूनमधल्या टीव्हीवर बातमी आली. देशाला एक नवी राष्ट्रीय सुट्टी मिळणार होती, फक्त तारीख ठरायची होती. बाकावरचे तिघे लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. कुणाला ती दिवाळीला जोडून हवी होती, कुणाला मार्च संपल्यावर.

"तुम्हाला कधी हवी, विलासराव?" मी दाढी करणाऱ्या दुकानमालकांना विचारलं.

"सोमवार सोडून कधीही. सोमवारी आमचं दुकान बंद. मी आणि आमची ही तळ्यावरच्या बागेत जातो. झोपाळा मोकळा असतो. तुम्हा सगळ्यांना सुट्टी असली की तिथं पोरांची ही रांग!"

साठी ओलांडलेलं जोडपं झोपाळ्यावर! मला हसू आलं.

"हलू नका," वस्तरा थांबवून ते म्हणाले.

मान वर करून मी कॅलेंडर बघत राहिलो. लाल आकडे सगळ्यांचे असतात. पण कुणाचा तरी सण असा काळ्या आकड्यात निवांत बसलेला असतो, आणि त्याच्यावर लाल शाई सांडू नये, एवढंच त्याचं मागणं असतं.

बाकावरच्यांनी एकदाची तारीख पक्की केली.

"वार बघा," विलासराव म्हणाले.

शुक्रवार येत होता.

"मग आमची हरकत नाही," असं म्हणून त्यांनी देशाची सुट्टी मंजूर केली आणि माझा दुसरा गाल हातात घेतला.