दाराबाहेरच्या चपला

दुपारी दार उघडले, तर उंबऱ्याबाहेर चपलाच चपला. कोल्हापुरी, रबरी, मोजे कोंबलेले बूट. सगळी माणसे श्रीधरला, माझ्या नवऱ्याला, भेटायला आलेली. साध्या तापानंतर त्याच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे आणि पूर्ण विश्रांती सांगितली आहे.

सकाळीच डॉक्टरांनी समजावले होते, "विषाणू गेलाय. पण हृदयाच्या पेशींनी मदतीसाठी सोडलेले रासायनिक निरोप अजून थांबलेले नाहीत. एकीचा निरोप दुसरी पुढे पाठवते, रक्तातल्या रक्षक पेशी धावून येतात आणि त्या गर्दीनेच सूज वाढते."

आत शहाळ्यांचा ओलसर वास, संत्र्यांच्या साली. श्रीधर उशीला टेकून प्रत्येकाला तीच हकीकत सांगत होता. बोलता बोलता त्याला धाप लागत होती. कोपऱ्यात त्याच्या आत्या फोनवर होत्या, "अगं, लगेच ये. चेहरा किती उतरलाय त्याचा!"

या गर्दीत परके कुणीच नव्हते. सगळी मायेनेच आली होती.

मी आत्यांजवळ बसले. "आत्या, आता सगळ्यांना कळवा, तो झोपलाय."

"अगं, तो तर जागा आहे!"

"म्हणूनच."

त्यांनी धापा टाकणाऱ्या श्रीधरकडे वळून पाहिले. मग त्यांनी पुन्हा फोन लावला. थांबा म्हणणारे निरोपही शरीरात असतात; त्यांना पोहोचायला वेळ लागतो, इतकेच.

संध्याकाळी उंबऱ्याबाहेर आत्यांच्या चपला तेवढ्या उरल्या होत्या, आणि आतून श्रीधरच्या श्वासाचा संथ, एकसारखा आवाज येत होता.