आधी पाहू, मग हात लावू

एंटर दाबण्याआधी नाना दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे आणि मेंदी लावलेल्या नवरीसारखे, बोटं फाकवून हवेत धरायचे. मग पडद्याकडे टक लावून म्हणायचे, "आधी पाहू, मग हात लावू."

तुम्ही म्हणाल, लग्नं जमवणाऱ्या केंद्रात ही सावधगिरी हवीच. पण नाना स्थळांबद्दल नाही, नोंदींबद्दल बोलत. जळगावात आमच्या समाजाचं वधू-वर केंद्र आहे. मी तिथला माइकवाला. मेळाव्यात सूत्रसंचालन करतो आणि एरवी चहाच्या निमित्ताने नानांच्या टेबलाशी ठिय्या देतो. नाना संगणक सांभाळत. मूळचे शिंदखेड्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, बिनलग्नाचे. डेटाबेसमधली पहिली नोंद त्यांचीच होती. चाचणीपुरती टाकलीय, असं ते सांगत. ती चाचणी कैक वर्षं चालू होती.

नियम साधा. नोंद बदलायची तर कोणाची, हे संगणकाला सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं तर तो बिचारा सगळ्यांचीच बदलतो. म्हणून नाना तीच अट घालून आधी नोंद नुसती मागवून बघत. हवी ती ओळ आली, की मगच हात खाली.

दुसरा हट्ट चुकांबाबतचा. फॉर्म भरताना काही चुकलं की इतर ठिकाणी इंग्रजीत लाल ओळ येते. नानांनी त्या ओळीला अहिराणी शिकवली होती. "अक्का, जन्मतारीख पुढला सालनी टाकेल शे. पोर आजून जन्मले येवानी शे." पोर अजून जन्मायचंच आहे, हे वाचून मी हसलो की नाना म्हणत, "चूक झाकायची नाही भाऊ. ती बोलली पाहिजे."

या अक्कावरून एकदा रावेरहून फोन आला. केळीच्या पॅकिंगचं काम बघणाऱ्या एक बाई, नुकत्याच चाळिशीत आलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतःसाठीच नोंद करत होत्या. त्यांनी विचारलं, तुमचं यंत्र मला अक्का कशावरून म्हणतं, त्याने मला पाहिलंय का? नाना खुर्चीतून उठून, उभ्याने उत्तरं देत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी वय बघून 'ताई' म्हणणारी वेगळी ओळ लिहून टाकली.

धुळ्याच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी जामनेरच्या एका मुलाचं लग्न ठरलं. त्याच्या नोंदीवर 'जमलं' असं लिहायचं होतं. मुलाचे काका पेढे घेऊन समोर उभे, आनंदाने गरजत होते. नानांच्या एका हातात पेढा. त्या दिवशी हात हवेत गेलेच नाहीत. पेढा तोंडात आणि बोट एंटरवर, दोन्ही एकदमच पडलं.

कोणाची नोंद, ते सांगायचं राहून गेलं होतं. बठ्ठ्यांचं, म्हणजे सगळ्यांचंच जमलं. जमलं की अभिनंदनाचा मेसेज आपोआप जावा, ही सोय नानांनीच केलेली. तो जळगाव-धुळ्यातल्या एकूण एक उमेदवाराला गेला. खुद्द नानांचाही मोबाइल वाजला. त्यांनी स्वतःचं लग्न जमल्याचं वाचलं आणि पेढा गिळला.

फोन सुरू झाले. एक वडील मुलगा कुठला ते विचारत होते. एका मुलाने आधी मनापासून आभार मानले, आणि मग कोणाशी जमलं ते विचारलं. नोंदींचं फारसं बिघडलं नाही. आदल्या दिवशीची प्रत ठेवलेली होती, तिच्यावरून त्या पूर्ववत झाल्या. पण गेलेले मेसेज माघारी कसे आणणार? लोकांना ही थट्टा वाटली तर उद्याचा हॉल रिकामा, आणि केंद्रावरचा विश्वासही गेला. मी सुचवलं, संगणक बिघडला म्हणून सांगू. त्या निवेदनाची करुण आवृत्ती माझ्या तोंडात तयारही होती.

"मशीन काय करी भाऊ?" नाना म्हणाले. "हात मना व्हता."

नवा मेसेज गेला, त्यांच्या नावानिशी. "चूक माझी. न पाहता हात लावला. तुमचं अजून जमलेलं नाही. माझंही नाही. उद्या धुळ्याला या."

धुळ्याला हॉल ओसंडला. अर्धे लोक स्थळं बघायला आलेले, अर्धे नानांना. मी माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, तर हा माणूस दोन्ही हात हवेत धरूनच स्टेजवर आला. हसणं थांबेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतून रावेरच्या ताई उठल्या, हातात मोबाइल.

"तुमचा पहिला मेसेज मी पुसला," त्या म्हणाल्या. "दुसरा ठेवलाय. तो लिहिणारा माणूस नोंदीत आहे का?"

"चाचणीपुरता आहे," नाना पुटपुटले. पण तोवर मी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलने ऐकलं.

आता नाना रावेरला असतात, केळीचा कुठला ट्रक कुठे निघाला त्याच्या नोंदी ठेवतात. जळगावच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसतं. फॉर्म चुकला की मात्र पडद्यावर अजून नानांचीच अहिराणी उमटते, आणि मी मुद्दाम एखादी तारीख चुकवून बघतो.

जाण्याच्या दिवशी स्वतःच्या नोंदीवर 'जमलं' लिहायचं काम त्यांनी कोणाला दिलं नाही. आधी नोंदी मागवल्या. दोनच ओळी आल्या, एक शिंदखेड्याची, तिच्याखाली रावेरची. हात हवेत गेले आणि तिथेच राहिले.

माझा चहा निवला. शेवटी मी म्हटलं, "पाहून झालं ना नाना? लावा आता हात."

"व्हई गयं," ते म्हणाले. "आजून थोडं पाहू दे."