याच्यात तुहं काय?

“तिकडं जोड्यापाशी बस. ते काळे हात गादीले लावू नको.”

अमरावतीचा कापसाचा शेठ मला हे म्हणाला, तेव्हा त्याचीच तसबीर माझ्या हातात होती. काचेवरची, नुकती सुकलेली. कापसाच्या गंजीपुढे खुर्चीत बसलेला तो. पागोट्याची घडी न् घडी उमटली होती.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस अडलेला. वऱ्हाडचा कापूस विलायतेला चाललेला. काल ज्याच्या घरी धड चटई नव्हती, त्याला आज तसबीर हवी होती.

माझी बोटं काळी होती ती चांदीच्या औषधाने. काच त्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्याच्या पेटीत घालून तसबीर घ्यायची, ओली असतानाच धुवायची. वऱ्हाडच्या उन्हात तेवढी सवड कुठली? माझी बायको गोदा काळ्या कापडाच्या तंबूत बसून काच तयार करी आणि धुवी. आत नुसती भट्टी. तिची बोटं माझ्याहून काळी.

ती दारात उभी होती. शेठने तसबीर निरखली आणि जमलेल्या मंडळींकडे पाहून म्हणाला,

“कापूस माहा. काच म्या मुंबईहून आनली. ऊन देवाचं. याच्यात तुहं काय बे?”

मंडळी हसली. मीही हसलो. म्हणालो, “काही नाही, मालक.”

घरी तंबूची गाठ सोडताना गोदा म्हणाली, “तुमचंच काई नाई, तं माहं कुठून असन?”

त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

पुढे शेठने अकोल्याच्या बाजारात बोलावलं. नवी घोडागाडी घेतली होती. सगळे अडते भोवती जमले होते.

“हं, काढ लवकर.”

मी कोरी काच त्याच्या हातात दिली. “घ्या. काच तुमची. ऊन पडलंच हाये. गाडी समोर हाये. काढा.”

मागून कोणीतरी हसलं. या वेळी मला नव्हे.

“माजला का बे?”

“नाई. याच्यात माहं काय, ते सांगून राहिलो.”

त्याने काच आपटली. आम्ही तंबू गुंडाळला आणि निघालो. त्या हंगामात आम्हाला कोणी बोलावलं नाही.

इथवरची गोष्ट मी आयुष्यभर ऐटीत सांगितली. पुढची गिळली. नंतर दुकान थाटलं. पाटीवर नाव माझं. प्रत्येक तसबिरीमागे नाव माझं. एकदा गोदाने पाटीकडे बोट दाखवलं. काळं बोट.

“याच्यात माहं काय?”

मी हसलो. शेठसारखाच.

गोदा जाऊन वर्षं झाली. माफी मागून मी सुटणार नाही, म्हणून मागत नाही. घरातल्या सगळ्या तसबिरी खाली काढल्या आहेत. एकेकीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहितो आहे: काच गोदाने तयार केली, तसबीर गोदाने धुतली. माझं नाव तिच्या खाली.

घरचे म्हणतात, दुकानाची अब्रू जाईल. जाऊ दे. पाटी मी उतरवली आहे. तिच्या नावाशिवाय ती परत चढणार नाही.