सहपरिवार म्हणजे कोण

माझी बहीण रश्मी एसटीत कंडक्टर आहे. कागदोपत्री 'वाहक'. प्रवासी 'ओ बाई' म्हणतात, आणि ज्याच्या खिशात सुटे नसतात तो 'ताई' म्हणतो. सगळ्यांकडे ती सारख्याच चेहऱ्यानं पाहते. नोकरीची पहिली वर्षं तिनं धारणीच्या गाडीवर काढली. मेळघाटच्या वळणांवर एकाचं ओकणारं डोकं खिडकीबाहेर धरायचं आणि दुसऱ्याला उरलेले पैसे परत द्यायचे, हे तिचं ट्रेनिंग. आता ती अकोला-अमरावती गाडीवर असते. सासर अकोल्याचं, माहेर अमरावतीचं. त्यामुळे ती दिवसातून दोनदा माहेरच्या गावात येते आणि महिनोन्‌महिने माहेरी येत नाही.

तिचा नवरा म्हणजे आमचे संघपालभाऊजी. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तसं वाटायची शक्यता आहे. इंजिनीअर होऊन ते काही वर्षं घरी बसले होते. त्या वर्षांत घर रश्मीच्या खाकीवर चाललं. तेव्हा सासरे मोतीराममामा चौकातल्या पानठेल्यावर सांगत, "आमची सून पर्मनंट हाय." मग भाऊजी पुण्याला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागले, महिन्यातून एकदा अकोल्याला येऊ लागले, आणि पानठेल्यावरचा विषय बदलला.

दिवाळीनंतर कंपनीनं त्यांना विचारलं, पोलंडच्या कारखान्यात तीन वर्षं जाल का, बायकोपोरांना घेऊन? भाऊजींनी उभ्या उभ्या हो म्हटलं आणि फोन लावला. "रश्मी, आपण चाललो."

रश्मी तेव्हा मूर्तिजापूर स्टँडवर दाराशी उभी राहून, आधी उतरू द्या मग चढा, हे सत्य लोकांना पटवत होती. ती म्हणाली, "पाहू."

आता वऱ्हाडात 'पाहू'चा अर्थ शाळेत शिकवावा लागत नाही. पोरीला मागणी आली, पाहुण्यांनी चहा-पोहे खाल्ले आणि बाप 'पाहू' म्हणाला, की पाहुणे गाडीत बसतानाच दुसऱ्या घराचा पत्ता काढतात. भाऊजींना मात्र पुण्याचं पाणी लागलं होतं. त्यांना 'पाहू' म्हणजे 'हो' ऐकू आलं. त्यांनी तसं आपल्या बाबांना, म्हणजे मोतीराममामांना सांगितलं. मामांनी ते अख्ख्या अकोल्याला सांगितलं.

कसं सांगितलं, ते एका शनिवारी दुपारी कळलं. मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. भाऊजी सुट्टीवर आलेत म्हणून त्यांना आणि भाचरांना भेटायला रश्मीच्याच गाडीनं अकोल्याला निघालो होतो. (बहीण कंडक्टर असली तरी तिकीट पूर्ण लागतं. अर्धं तिकीट बायकांना. मी एकदा थट्टेत अर्धं मागितलं तर म्हणाली, "साडी नेसून ये, देतो." आमच्याकडे बायाही 'देतो' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) नेहरू पार्क चौकात गाडी सिग्नलला थांबली आणि खिडकीजवळच्या केशवरावांनी, म्हणजे रोज अपडाऊन करणाऱ्या एका मास्तरांनी, खांबावरचा फ्लेक्स मोठ्यानं वाचला.

"अकोल्याची शान, संघपालभाऊ यांचे हॉलंड येथे सहपरिवार प्रयाण. हार्दिक अभिनंदन." मग वळून म्हणाले, "बाई, हे तुमचे मिस्टर ना?"

सगळी गाडी डावीकडे वाकली. फ्लेक्स दांडगा होता. मधोमध भाऊजी सुटात, हाताची घडी घालून. एका बाजूला आकांक्षा, दुसरीत शिकणारी माझी भाची. दुसऱ्या बाजूला चार वर्षांचा सम्यक, काळा चष्मा लावून. मागे विमान, पवनचक्की आणि ट्यूलिपची शेतं. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या गोल गोल चकत्या.

"तुमी कुठं हाय जी याच्यात?" एका म्हातारीनं विचारलं.

ड्रायव्हर किसनराव स्वभावानं मजाकी. आरशात पाहत म्हणाले, "सहपरिवारमंदी हाय न बाई."

कोणी हसलं नाही, कारण तोवर सगळ्यांनी रश्मीकडे पाहिलं होतं. ती फ्लेक्स अशी वाचत होती जशी फाटकी नोट उजेडात धरून पाहते. मग तिची नजर खालच्या चकत्यांवर गेली आणि तिथून माझ्यावर आली. चकत्यांत मीही होतो. तिच्या लग्नातला फोटो, मिसरूड फुटायच्या आधीचा.

"अन् तू काय शुभेच्छुक हायेस?"

"मले कोनी इचारलं नाही, ताई."

"तुले नाही इचारलं, तरी तुहा फोटो लावला." एवढं बोलून तिनं बेल दोनदा ओढली. सिग्नल अजून लालच होता. किसनरावांनी गाडी हलवली नाही.

मी घरी आधी पोचलो. रश्मी डेपोत हिशोब देऊन आली तेव्हा मोतीराममामा फोनवर कुणाला तरी तिकडची थंडी समजावून सांगत होते, भाऊजी पोरांना विमानाचे व्हिडिओ दाखवत होते आणि सासूबाई पंचफुलाबाई माझ्यासमोर तिसऱ्यांदा चिवडा ठेवत होत्या. रश्मी दारातच उभी राहिली. बूटही काढले नाहीत.

"मामाजी, फ्लेक्स कोनी लावला?"

"पोट्ट्यांनी लावला चौकातल्या. काहून, चांगला नाही आला?"

"देश चुकला."

मामांनी फोन कानापासून दूर केला. "होय का बे?"

"पोलंड हाय बाबा, हॉलंड नाही," भाऊजी म्हणाले. "मी तुमाले सांगतलं होतं."

"मंग ते पवनचक्की कुठली?"

"ते राहू द्या," रश्मी म्हणाली. "आत्याबाई, माझा फोटो काहून नाही?"

पंचफुलाबाईंनी चिवड्याचा डबा बंद केला. "अवं, चांगला फोटोच भेटला नाही. जो पाहावा त्यात तू ड्रेसवर."

"ड्रेसवर म्हंजे?"

"खाकीत. हे सुटात, लेकरं जाकिटात, मांगं विमान, अन् मधात खाकी. तो फ्लेक्सवाला पोट्टाच म्हने, काकू, मॅचिंग नाही होत."

मला वाटलं आता ती भाऊजी घरी बसले होते त्या वर्षांचं काढेल. त्याच खाकीच्या पगारावर या घराचा किराणा आला, भाऊजींच्या मुलाखतींची तिकिटं निघाली, हे ती बोलेल. ती बोलली नाही. मी लिहितो आहे, कारण मला तिच्याइतका दम नाही.

भाऊजी उठले. समजुतीचा आवाज काढून म्हणाले, "काढून टाकू न फ्लेक्स. त्याच्यावरून काय मनाले लावून घेते? तयारीचं बोल. राजीनामा कधी देतेस? महिनाभर आधी द्या लागते न?"

"कोनता राजीनामा?"

"रश्मी, तूच 'पाहू' म्हटलं होतं."

"हो. अन् तुमी वऱ्हाडचेच हा न?"

मामा खाली पाहून खाकरले. त्यांना अर्थ कळला होता. तो त्यांना आधीही कळला होता, असं माझं मत आहे.

"दिवसभर मी काय करतो, माहीत हाय?" रश्मी म्हणाली. "माणूस चढला की इचारतो, कुठं जाचं. मंग तिकीट देतो. न इचारता मी आजलोक कोनाले वलगावचंई तिकीट देल्लं नाही. तुमी मले डायरेक्ट पोलंडचं देल्लं."

"पोरांसाठी चाललो आपण. काय हाय इथं? उन्हाळ्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस, नळ चार-पाच दिवसांनी. तिथं शाळा चांगली, हवा चांगली."

"शाळेत कोनती भाषा?"

"पोलिश. लेकरं लवकर शिकतात."

"अन् मी? तू सकाळी कारखान्यात जाशील, पोट्टे शाळेत जातील. मी फाटकापाशी मुकी उभी राहीन. भाजीवाल्यासंग भांडता येनार नाही मले. भांडन सोड, भाव इचारता येनार नाही. तीन वर्षं मान हलवत बसू?"

'तुमी'चं 'तू' झालेलं सगळ्यांनी ऐकलं. चार माणसांत ती नवऱ्याला कधी अरेतुरे करत नव्हती. मामांनी मध्ये पडायचं ठरवलं. "सूनबाई, बाबासाहेबई परदेशात गेले होते."

"शिकाले गेले होते मामाजी. मी काय शिकाले चालली, पोलंडचे भांडे घासाले?"

भाऊजी आवाज न चढवता म्हणाले, "तिथं आडनाव इचारून कोनी दोन पावलं मांगं सरकत नाही, रश्मी. पुन्यात मी खोली शोधली तेव्हा काय काय आयकलं ते तुले सांगतलं नाही. माझ्या पोरांनी ते आयकू नये, एवढंच."

पंचफुलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मीही चिवड्यात पाहत राहिलो. क्लासजवळ खोली हवी म्हणून मीही अमरावतीत फिरलो आहे. घरमालक नाव विचारतात, मग पूर्ण नाव विचारतात, मग त्यांच्या भाच्याला अचानक त्याच खोलीत राहायचं असतं.

रश्मी पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली.

"हे तुहं खरं हाय," ती म्हणाली. "हे मी नाही म्हनत नाही. पन माझंई आयक. माझ्या गाडीत तसेच लोक चढतात. माझ्या छातीवर नावाची पट्टी हाय, आडनावासकट. वाचतात, तोंड वाकडं करतात. मंग मी समोर उभी राहतो अन् त्याले माझ्याच हातून तिकीट घ्या लागते. नाही घेतलं तर मी गाडी थांबवतो, अन् तो खाली उतरते, मी नाही. आपल्या आकांक्षानं दोनदा पाहिलं हे, गाडीत बसून. तिथं जाऊन पोरगी काय पाहीन? माय मुकी अन् बाप थकलेला. तुले मांगं सरकनारे लोक नको होते, म्हनून तू दूर चालला. जा. मले ते समोर पायजे."

भाऊजींचा चेहरा उतरला आणि लगेच ताठला. "मंग मीई जात नाही. सांगून देतो कंपनीले, बायको नाही म्हनते."

तिथं खरी आग लागली. पंचफुलाबाईंनी एकदम सुनेकडे पाहिलं. आता गुन्हेगार सापडला होता.

"ते माझ्या डोक्यावर नाही ठेवाचं," रश्मी म्हणाली. आवाज इतका खाली गेला की सम्यकनं मोबाईलवरून मान वर केली. "तुले जाचं असन तर जा. नसन जाचं तर नको जाऊ. तुहं तू ठरव, अन् ठरवून वरतून माझं नाव नको लावू. फ्लेक्सवर नाही लावलं न? मंग इथंई नको लावू. माझं ठरलं. मी राहतो, पोट्टे माझ्यापाशी राहतात. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत येऊ. जायचं-यायचं दोन्ही तिकीट हातात असन तर."

आकांक्षानं विचारलं, "मम्मी, पन बाईंनी वर्गात टाळ्या वाजवाले लावल्या होत्या माझ्यासाठी. आता काय सांगू?"

"सांग, पप्पा चालले."

"अन् आपण?"

"आपण शाळेत चाललो. जा, हातपाय धू."

रविवारी रश्मीची ड्युटी होती. ती गेली, आली, जेवली, झोपली. घरात कोणी तिच्याशी बोललं नाही आणि त्याचा तिला त्रास झालेला कोणाला दिसला नाही, याचाच घराला जास्त त्रास झाला. पंचफुलाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू समजाव न बाप्पा तुह्या बहिणीले." मी म्हटलं, "काय समजावू जी? गणित तर तिचं बरोबर हाय." त्यानंतर माझ्यापुढं चिवडा आला नाही.

सोमवारी सकाळी माझी निघायची तयारी चालली होती. भाऊजी अंगणात उभं राहून फोन करत होते. घरात रेंज धड येत नाही, म्हणून त्या घरातली सगळी गुपितं अंगणातच बोलली जातात. फोन पुण्याच्या ऑफिसमधल्या मॅडमचा, स्पीकरवर. मामा बाजेवर पेपर घेऊन. रश्मी दाराच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती.

"मॅडम, व्हिसाचे कागद माझ्या एकट्याचेच करा," भाऊजी म्हणाले.

"एकट्याचे? फॅमिली नंतर जॉईन होणार का सर?"

"नाही. म्हणजे..."

"काही मेडिकल इश्यू? मिसेसची तब्येत? तसं कारण टाकलं तर तारीख पुढे घेता येईल."

भाऊजींनी रश्मीकडे पाहिलं. तब्येतीचं कारण चांगलं होतं. सासूबाईंना चाललं असतं, चौकाला चाललं असतं, पाहुण्यांना तर फारच आवडलं असतं. रश्मीच्या हातातली नाडी थांबली. ती मान वर करून पाहत नव्हती, पण ऐकत होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

"तब्येत ठीक आहे," भाऊजी म्हणाले. मग घसा साफ केला. "तिची नोकरी आहे इथे. ती येणार नाही म्हणाली."

"ओके सर. सिंगल करते."

फोन बंद झाला. मामांनी पेपरचं पान उलटलं, न वाचताच. मला वाटलं, आता रश्मी वर पाहील, निदान थोडी हसेल. पण तिनं नाडीला दुसरी गाठ मारली, डबा उचलला आणि भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"एवढंच वाक्य होतं," ती म्हणाली. "दिवाळीपासून तोंडात काय धरलं होतं?"

उत्तराची वाट न पाहता ती निघाली. फाटक एवढ्या जोरात आपटलं की शेजारच्या घरातून सत्यवतीकाकू बाहेर आल्या. "काय झालं वो भाऊ, सकायीसकायी?"

मोतीराममामांनी पेपरमधून मान वर केली.

"काही नाही," ते म्हणाले. "सून ड्युटीवर चालली."